शाळकरी मुली आणि विरंगुळा केंद्रातील स्त्रिया यांचा एकत्र कलाउपक्रम कसा बेतावा?

चित्रबाई (नौपाडा, ठाणे)

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातील एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. शाळेपासून चालत सात-आठ मिनिटांच्या अंतरावर ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र आहे. सकाळी तेथे पुरुषमंडळी वर्तमानपत्रे चाळत बसलेली असतात. चार वाजल्यानंतर स्त्रिया येतात, भजन होते, गप्पा होतात आणि दिवेलागणीला सगळ्या आपापल्या घरी परततात. या स्त्रियांनी आणि आमच्या आठवीच्या मुलींनी मिळून काहीतरी घडवावे, असे गेली दोन वर्षे माझ्या मनात घोळत आहे. पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स भागात ‘मॅजिक मी’ या संस्थेने १९८९ पासून असे काम केल्याचे माझ्या वाचनात आले होते. शाळेतील मुली आणि त्याच वस्तीतील वयस्क स्त्रिया ठरलेल्या वेळी आठवड्यामागून आठवडे भेटतात आणि एखाद्या कलावंताला सोबत घेऊन एकत्र काही करतात, अशी ती कल्पना. वाचताना ते फार सोपे वाटले होते.

गेल्या १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाचे निमित्त साधून, आम्ही केंद्रातील अकरा जणींना शाळेच्या सभागृहात बोलावले. समोर बेचाळीस मुली बसल्या होत्या. स्वागतगीत झाले, गुलाबाची फुले देऊन झाली, मुख्याध्यापिकांचे भाषण झाले आणि मग मुलींनी चिठ्ठ्यांवर लिहून आणलेले प्रश्न विचारले: तुमच्या काळी शाळा कशी होती, तुमच्या काळी करमणूक काय होती, तुमच्या काळी मोबाइल नव्हता तर वेळ कसा जायचा. एका काकूंनी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर वीस मिनिटे दिले, दोघींना प्रश्न ऐकूच आले नाहीत, मागच्या रांगेतील मुलींची कुजबुज सुरू झाली आणि शेवटी ‘मोबाइल कमी वापरा, आईवडिलांचा मान राखा’ या उपदेशावर कार्यक्रम संपला. छायाचित्रे पालकांच्या गटावर गेली आणि सर्वांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी तासाला मी मुलींना विचारले, की काल आलेल्यांपैकी कोणत्याही एकीचे नाव सांगा. बेचाळीस जणींपैकी एकीलाही सांगता आले नाही.

आता मुख्याध्यापिका पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहू देण्यास तयार आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणे सुचवलेले आहे, त्यातील काही दिवस यासाठी वापरता येतील, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र कोणती कला घ्यावी, किती जणींना घ्यावे आणि पहिल्या भेटीची पुनरावृत्ती कशी टाळावी, याबाबत मी गोंधळलेली आहे. ज्यांनी असे काही केले आहे किंवा ज्या स्वतः अशा उपक्रमात सहभागी झाल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दाभण (कळवा)

चित्रबाई, तुमच्या त्या दिवशी चूक झाली असेल, तर ती एवढीच, की कोणाच्याही हाताला काम नव्हते. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर खुर्चीत बसवून ‘बोला’ म्हटले, की एक मुलाखत घेतो आणि दुसरा भाषण देतो. त्यात मुलींचा दोष नाही आणि त्या काकूंचाही नाही.

मी बरीच वर्षे शिवणवर्ग चालवला आणि गेली चार वर्षे एका शाळेतील मुली आणि आमच्या परिसरातील साठीपुढच्या स्त्रिया यांच्याकडून मिळून गोधड्या करून घेते. गोधडी निवडण्याचे कारण भावनेचे नाही, सोयीचे आहे. ती एकटीने करायला घेतली तर महिनोन्‌महिने चालते, चौघी-आठजणी भोवती बसल्या तर उरकते, आणि बसताना सगळ्यांची तोंडे एकमेकींकडे असतात, पण नजर कापडावर असते. त्यामुळे बोलायचे असेल तर बोलता येते आणि गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही.

हिशेब असा आहे. साडेपाच मीटर लांबीच्या सहावारी सुती साडीचे तीन सारखे तुकडे केले, की प्रत्येक तुकडा सुमारे १.८ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद मिळतो. असे पाच थर पुरेसे होतात. त्याहून जाड केली, तर मुलींची सुई आरपार जात नाही आणि बोटे दुखू लागतात. या मापाच्या गोधडीचा घेर सहा मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे भोवती आठ जणी कोपराला कोपर न लागता बसू शकतात: चार मुली, चार मोठ्या बायका, एकीआड एक. बेचाळीस मुलींना एका वेळी घेण्याचा आग्रह मात्र सोडावा लागेल; तेवढ्या मुली घेतल्या, की पुन्हा सभाच भरते. साड्या वापरून विटलेल्या, मऊ आणि धुऊन खळ काढलेल्या हव्यात. सिंथेटिक कापड एकही घालू नका. थर सरकतात, सुई अडते आणि सगळ्यांचा उत्साह तासाभरात मावळतो. आधी कच्चे टाके घालून थर पक्के बसवून घ्यावेत आणि मग कडेने धावदोरा घालत घालत मध्याकडे यावे. जमिनीवर बसणे निम्म्या जणींना जमणार नाही, म्हणून आम्ही शाळेची चार बाके जोडून त्यावर गोधडी पसरतो.

आता मोठ्या बायकांचे आणि मुलींचे जमते कसे, ते सांगते. आमच्याकडील एका मावशींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते आणि दुसऱ्याचे व्हायचे होते. टाका त्या डोळे मिटूनही सरळ घालतील, परंतु सुईचे नेढे त्यांना दिसत नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलीला टाका घालता येत नव्हता, पण दोरा ती चुटकीसरशी ओवत असे. तिने पहिल्याच दिवशी न सांगता दहा सुया ओवून, स्पंजच्या तुकड्यात ओळीने टोचून, मावशींच्या उजव्या हाताशी ठेवल्या. तीन आठवडे त्या दोघींत याहून अधिक बोलणे झाले नाही आणि मी मुद्दाम त्यात पडले नाही. चौथ्या आठवड्यात एक पोपटी रंगाचा तुकडा हाती आला, त्याला कडेला रुपयाएवढे जळल्याचे भोक होते. मुलीने विचारले, ‘हे कशाने जळलं हो?’ आणि त्या एका भोकातून चरईतील चाळीतली दहा बाय बाराची खोली, भडकलेला स्टोव्ह, रेशनच्या रॉकेलची रांग आणि नवी साडी पहिल्याच दिवशी जाळली म्हणून दोन दिवस न बोललेल्या सासूबाई, असे सगळे बाहेर आले. चिठ्ठीवर लिहून दिलेल्या प्रश्नाला हे उत्तर कधीच मिळाले नसते. ते भोक मुलीने बुजवले नाही. त्याच्या कडेने तिने साखळी टाक्याची दोन लाल वर्तुळे काढली आणि तो तुकडा वरच्या थरात घेतला.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही टाळावी. दुसऱ्या वर्षी एक काकू ‘उरलेलं मी घरी पुरं करते’ म्हणून गोधडी घेऊन गेल्या आणि मुलींचे वाकडेतिकडे टाके रात्री जागून उसवून, स्वतः सरळ घालून घेऊन आल्या. त्यांच्या दृष्टीने ती मदतच होती. पुढच्या गुरुवारी एका मुलीला तिचा टाका सापडेना. ती काही बोलली नाही, पण नंतर आलीही नाही. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे: दुसरीचा टाका कोणी उसवायचा नाही आणि गोधडी कोणाच्याही घरी जायची नाही.

श्रवण (वाशी)

दोघींना प्रश्न ऐकू आले नाहीत, असे आपण लिहिले आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. माझे काम श्रवणचाचणीचे आहे.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे बोलणे कानावर पडते, पण स, श, फ, त, क यांसारखी व्यंजने गळतात आणि ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी अवस्था होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचा आवाज मुळातच उंच असतो, त्यात शाळेची सभागृहे घुमतात आणि डोक्यावर पंखे घरघरत असतात. ओरडून बोलल्याने व्यंजने स्पष्ट होत नाहीत, फक्त आवाज चढतो आणि समोरच्या स्त्रीला आपल्यावर कोणी खेकसते आहे, असे वाटते. मुलींना आधी सांगावे, की समोर बसून, चेहरा दिसेल असे, थोडे सावकाश आणि नेहमीच्याच आवाजात बोलायचे, आणि एका वेळी एकीनेच. गोधडीभोवती ज्या एकमेकींशेजारी बसतात, त्यांचे तोंड एकमेकींना दिसत नाही, याकडेही लक्ष असावे. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना कोपऱ्यावर बसवावे, म्हणजे शेजारीण काटकोनात येते. लहान खोली असेल आणि ऋतू साथ देत असेल, तर पंखा बंद ठेवावा.

खाडीकाठची (घणसोली, नवी मुंबई)

वरचा गोधडीचा सल्ला मला पटला. तरीही कला निवडताना आपल्या केंद्रातील स्त्रिया कोण आहेत, हे आधी पाहावे, एवढे सुचवावेसे वाटते. ‘वारली चित्रे काढून घ्या’ असा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्कीच देईल, कारण आपल्याकडे शाळेची प्रत्येक संरक्षक भिंत वारलीनेच रंगते. मुळात वारली समाजात लग्नाचा चौक, म्हणजे विधीचे चित्र, घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढणे, हे सवाष्ण स्त्रियांचे काम होते. चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यापासून ही कला कागदावर आणि पुरुषांच्या हाती आली, हा अलीकडच्या पन्नास-पंचावन्न वर्षांतला बदल आहे. आपल्या केंद्रातील एखादी स्त्री डहाणू-जव्हारकडची असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर मुली आणि काकू दोघीही मोबाइलवरून तीच चित्रे उतरवतील आणि कोणालाच कोणाकडून काही शिकता येणार नाही.

आमच्याकडे गीत हाच धागा होता. मी आगरी कुटुंबातली आहे आणि कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. आमच्या लग्नांत मांडव, हळद अशा प्रत्येक विधीला धवले गायचे असतात आणि ते गाणारी, विधी पुढे नेणारी धवलारीण असते. वारल्यांची धवलेरी हीदेखील तिच्याच नात्यातली. तेराव्या शतकातील महदाईसेचे धवळे मराठीच्या पाठ्यपुस्तकात कधीतरी भेटतात, पण त्याच नावाची गाणी शाळेच्या मागच्या गल्लीत अजून कोणी तोंडपाठ म्हणते, हे नव्या वसाहतींतल्या, सेक्टरमधल्या मुलींना ठाऊक नसते. त्यांनाच दोष देण्यात अर्थ नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना १९७० सालची. त्या शहरासाठी तत्कालीन ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, भातशेती आणि मिठागरे गेली, जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातील शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळे ज्यांच्या डोळ्यांदेखत झाले, त्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांची घरे आता उंच इमारतींच्या मधल्या फटीत उरली आहेत. एका बाजूला सिडकोची आखीव वसाहत आणि दुसऱ्या बाजूला गावठाण, मध्ये एक रस्ता, आणि तो रस्ता सहसा कोणी ओलांडत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शाळेतल्या बारा मुली आणि गावातल्या सहा आज्या यांना एकत्र बसवले. उद्देश असा होता, की मुलींनी धवले ऐकून लिहून घ्यावेत आणि त्यातील एकेका प्रसंगाचे मोठे चित्र कापडावर काढावे. पहिल्याच दिवशी अडचण आली. आमची धवलारीण आजी ऐंशीच्या घरातली, तिची आगरी बोली आणि तीही गाण्याच्या चालीतली. सेक्टरमधल्या मुलींना दहातले सहा शब्द कळेनात. त्या बारा जणींत दोघी गावातल्याच होत्या. वर्गात त्या कटाक्षाने पुस्तकी मराठी बोलत, घरची बोली बाहेर पडू नये म्हणून जपत. त्यांतल्या एकीने बराच वेळ अस्वस्थपणे ऐकून घेतले आणि अखेर, ‘अगं, तसं नाही, आजी म्हणतात की…’ असे म्हणून अर्थ सांगायला सुरुवात केली. त्या दिवसापासून तिच्याशिवाय कोणाचे पान हलेना. मी हा उपक्रम आज्या आणि मुली यांच्यासाठी योजला होता, पण मुलींच्या आपापसांतल्या उतरंडीत त्याने जो फरक केला, तो मला अधिक मोलाचा वाटतो.

एका गोष्टीत मात्र मी कमी पडले. एका मुलीने उत्साहाच्या भरात एका धवल्याचे रील करून टाकले. दोन दिवसांत ते गावात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले आणि आजी रुसून बसली. मला वाटले, विनापरवाना चित्रण केल्याचा राग असेल. तिचे म्हणणे निराळे होते: ते गाणे मांडवाखालचे आहे, मांडव नसताना ते मी तुमच्या पोरींसाठी म्हटले, ते बाजारात म्हणण्यासाठी नव्हते. आम्ही ते काढायला लावले आणि त्यानंतर प्रत्येक गाणे लिहून झाल्यावर वहीत समोरच नोंद करू लागलो, की हे बाहेर दाखवायचे, हे फक्त वहीत ठेवायचे, हे लिहायचेही नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून गोळा केल्या, आणि त्या ओव्यांसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. आपल्या छोट्या उपक्रमातही एवढी शिस्त पाळणे अवघड नाही. ‘आज्यांनी सांगितलेली गाणी’ असे मोघम लिहून मोकळे होऊ नये.

शेवटी थोडे पुस्तकातले. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले होते, की दोन गट नुसते एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. त्या प्रसंगापुरता दोघांचा दर्जा सारखा असावा लागतो, ध्येय एक असावे लागते, ते मिळवायला एकमेकांची गरज पडावी लागते आणि वरच्यांचा पाठिंबा असावा लागतो. आपल्या १ ऑक्टोबरच्या कार्यक्रमात यांपैकी फक्त चौथी गोष्ट होती.

दोन मुलींची आई (घोडबंदर रोड)

मी कोणाच्या उत्साहावर पाणी ओतू इच्छित नाही, परंतु पालकाची बाजूही मांडली जावी. माझी धाकटी मुलगी अशाच एका उपक्रमाला गेली होती. दुसऱ्या भेटीत तिला सांगण्यात आले, की ‘रंग जरा सावळा आहे, डाळीचं पीठ लावत जा’, आणि तिच्या मैत्रिणीला आडनाव विचारून, मग ‘म्हणजे तुम्ही कोण?’ असे विचारले गेले. तिसऱ्या भेटीला दोघीही गेल्या नाहीत. शिक्षिका समोरच होत्या आणि ‘वयस्कर माणसं आहेत, मनावर घेऊ नका’ असे म्हणून त्यांनी विषय मिटवला.

मुलींना प्रश्न कसे विचारावेत, याची तयारी सगळेच करून घेतात. मोठ्या स्त्रियांचीही एक स्वतंत्र बैठक आधी घ्यावी आणि त्यात रंग, वजन, जात, लग्न आणि पाळी या विषयांवर मुलींना काही ऐकवायचे नाही, हे आडपडदा न ठेवता सांगावे. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीला उपक्रमाची कल्पना द्यावी, प्रत्येक भेटीला एक शिक्षिका शेवटपर्यंत हजर असावी आणि मुलींना परत आणून सोडण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, ते पालकांना लेखी कळवावे. एवढे झाले, तर मी स्वतः माझ्या मुलीला पाठवीन.

वागळे इस्टेट (वय ७३)

इतका वेळ आमच्याविषयी सगळे वाचत होते, म्हणून आता आमच्यातल्याच एकीने लिहावे, असे वाटले.

माझे वय वागळे इस्टेटपेक्षा दहा वर्षांनी जास्त आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले आणि ही त्याची पहिलीवहिली वसाहत. मी १९७१ पासून तेथील औषधांच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबले लावण्याच्या विभागात होते. लग्न केले नाही. गेल्या वर्षी आमच्या केंद्रात एका शाळेच्या मुली आल्या आणि दारातूनच त्यांनी ‘आजी, आजी’ सुरू केले. त्यांचा हेतू गोड होता, हे मला कळते. तरीही सांगते, की आमच्यात मूलबाळ नसलेल्या तिघी आहेत, एकीचा तरुण मुलगा गेलेला आहे आणि एकीची नातवंडे परदेशात आहेत, त्यांच्याशी तिचे बोलणे होत नाही. प्रत्येकीला ‘आजी’ या हाकेने बरे वाटेलच, असे नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकीला विचारावे, की तुम्हाला काय म्हणू? कोणी मावशी सांगेल, कोणी काकू, कोणी ताई. मी ‘बाई’ सांगितले, कारण कारखान्यात मला सगळे बाईच म्हणत.

दुसरी गोष्ट कलाप्रकाराची. त्या मुलींच्या शिक्षिकांनी आधी मंगळागौरीचे खेळ ठरवले होते. झिम्मा, फुगडी, पिंगा, सूप नाचवणे. कल्पना चांगलीच, मुलींना ते खेळ येतही नाहीत. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या एकोणीस जणींपैकी अकरा जणींचे पती हयात नाहीत. मंगळागौर म्हटली, की त्या अकरा जणी कोणी काही न सांगता भिंतीकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. ‘आता कोण मानतं?’ असे म्हणणे सोपे आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचे राज्यभर कौतुक झाले आणि सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. पण आमच्या हॉलमधल्या खुर्च्या काही त्यामुळे हलल्या नाहीत. वय साठच्या पुढे गेलेल्या स्त्रियांसाठी काही आखताना हळदीकुंकू, वाण, मंगळागौर यांच्या वाऱ्यालाही जाऊ नये. भोंडला चालतो. तो मुळात मुलींचा, आणि त्यात कोणी कोणाला कुंकू विचारत नाही. गोधडी तर उत्तमच.

तिसरे, आम्हाला सारखे ‘तुमच्या काळी’ म्हणून हिणवू नका. हाही माझाच काळ आहे. मी विजेचे बिल मोबाइलवरून भरते आणि सध्या इंग्रजी वाचायला शिकते आहे. आपल्याच जिल्ह्यात मुरबाडजवळच्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी-दप्तर घेऊन बसल्या आणि त्यांना घरी नातवंडे अक्षरे गिरवायला मदत करतात, हे वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचले असेल. शिकणे एकाच दिशेने चालत नाही.

आमच्या वेळी शेवटी जे झाले, ते मात्र छान झाले. एका मुलीने मला विचारले, ‘बाई, तुम्ही माझ्याएवढ्या नव्हे, ताईएवढ्या होतात, तेव्हा तुम्हाला कशाचा राग यायचा?’ हा प्रश्न मला त्र्याहत्तर वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, मिलोचा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे बाहेरून आणलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरी थापताना चिरायच्या आणि खाताना घशात अडकायच्या. महागाईच्या विरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले, त्यातल्या एका मोर्चाला मी वीस वर्षांची असताना गेले होते, शेजारणीचे लाटणे मागून घेऊन, कारण मी मामांकडे राहत होते आणि मामी घरचे लाटणे देईना. ती मुलगी पुढच्या खेपेला घरून लाटणे घेऊन आली. आम्ही दोघींनी त्यावर सुतळी घट्ट गुंडाळली, निळा रंग फासला आणि जुन्या चादरीवर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटत नेले. सुतळीच्या तिरप्या रेघांची अशी काही नक्षी उमटली, की बाकीच्या सगळ्याजणी आपापले लाटणे घेऊन आल्या. जाड, बारीक, मध्ये फुगीर, एका बाजूला झिजलेले; प्रत्येकीचा ठसा निराळा. ती चादर आजही केंद्रात टांगलेली आहे. लाटणी मात्र नंतर घासून घासून निळीच राहिली आणि मला नवे घ्यावे लागले, तेव्हा तुम्ही ते करणार असाल तर मुलींना जुनेच लाटणे आणायला सांगा.

चित्रबाई (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके नेमके कोणी लिहील, याची मला कल्पना नव्हती.

मधल्या काळात मी केंद्रात तीनदा एकटीच जाऊन बसले, फक्त ऐकायला. ‘वागळे इस्टेट’ बाईंनी लिहिलेले वाचून पहिल्यांदा प्रत्येकीला काय म्हणावे, ते विचारले. उत्तरांत दोन मावश्या, चार काकू, एक वहिनी आणि एक ‘नुसतं नावानं हाक मारा’ अशी वाटणी झाली. ज्या काकूंनी त्या दिवशी वीस मिनिटे उत्तर दिले होते, त्या तीस वर्षे बालवाडी चालवत होत्या, हे मला आता कळले. सभागृह समोर दिसले, की त्यांना राहवत नाही. रंग, जात आणि लग्न यांविषयी मी सांगितले, तेव्हा दोघींनी तोंडे वाकडी केली. एक जण म्हणाल्या, ‘मग बोलायचं तरी काय?’ त्यांना मी टाके घालायला सांगितले आहे.

आठ मुली आणि आठ स्त्रिया, दोन गोधड्या, दहा आठवडे, असे ठरले आहे. मुख्याध्यापिकांचा ‘बाकीच्या चौतीस मुलींचे काय?’ हा प्रश्न रास्त होता. दुसऱ्या सत्रात दुसरी तुकडी घ्यायची आणि दप्तराविना शाळेच्या दोन दिवसांत सगळ्यांनी लाटण्यांची छपाई करायची, यावर त्या राजी झाल्या. शनिवार स्त्रियांना नको होता, कारण त्या दिवशी मुले-सुना घरी असतात आणि स्वयंपाक वाढतो. म्हणून गुरुवारी चार वाजता, आणि शाळेऐवजी केंद्रातच. आमची शाळा सकाळची असल्याने ज्या मुली जवळ राहतात, त्यांनाच या वेळी घेतले आहे. त्यांना आणणे-सोडणे माझ्याकडे आहे आणि तसे पालकांना लेखी कळवले आहे.

आता अडचण साड्यांची आहे. केंद्रातल्या जवळजवळ सगळ्याजणी गेली वीस-पंचवीस वर्षे सिंथेटिक साड्याच नेसतात आणि मुलींच्या घरी तर सुती साडी सापडतच नाही. मला अजून चार वापरलेल्या सुती साड्या हव्या आहेत. ठाणे स्थानकाच्या आसपास कोणी देऊ शकत असेल, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

दाभण (कळवा)

दोन माझ्याकडे आहेत, एक फिकी जांभळी आणि एक चौकडीची. धुऊन ठेवते. मोठ्या नेढ्याच्या सुयांची दोन पाकिटेही देते. स्पंजचा तुकडा तेवढा तुम्ही पाहा.

वागळे इस्टेट (वय ७३)

माझ्याकडेही दोन सुती निघतील, बुधवारी संध्याकाळी केंद्रावर आणून देते. कपाटात एक इरकलही आहे, पण ते मागू नका. ते मी अजून नेसते.